आधी भाषा, मग पदवी, मग परदेश

बारावीचा निकाल लागला की उदगीरच्या मुस्लीम मोहल्ल्यांत दोनच चर्चा ऐकू येतात. मार्क चांगले असतील तर लातूरला कुठल्या क्लासला घालायचं, आणि बेताचे असतील तर सौदी-दुबईत ओळखीचं कोण आहे. 'लातूर पॅटर्न'ने आपल्या भागातल्या मुलांना अभ्यासाची शिस्त दिली, हे मान्यच करायला हवं. पण त्याच पॅटर्नने डॉक्टर आणि इंजिनीअर यांच्यापलीकडचं जग आपल्या नजरेआड केलं, हेही खरं. नीटची परीक्षा दोन-दोनदा 'रिपीट' करून थकलेली पोरं मग काहीच न ठरवता बी.ए.ला नाव घालतात.

अलीकडे या दोन चर्चांत तिसरी मिसळू लागली आहे. गेल्या वर्षभरात तीन-चार पालकांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. "भाई, पोरगा टुरिझम मॅनेजमेंट म्हणतोय. सोबत फॉरेन लँग्वेज शिकवणार, शेवटचे सहा महिने परदेशात नेणार. घालू का?" एका वालिदसाहेबांनी तर थेटच विचारलं, "हे टुरिझम म्हणजे गाडी बुक करून देण्याचं दुकानच ना? त्याला तीन वर्षं कशाला लागतात?"

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. माझं उत्तर असं आहे की क्षेत्र उत्तम आहे, आपल्या मुलांसाठी तर विशेष उत्तम आहे. पण जाहिरातीत त्याचा जो क्रम लावलेला असतो तो उलटा आहे. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात परदेश असतो, त्याखाली पदवी आणि तळाशी बारीक टायपात भाषा. ज्याला या क्षेत्रात खरंच उभं राहायचं आहे त्याने ही पाटी खालून वर वाचावी. आधी भाषा, मग पदवी, मग परदेश.

पर्यटन आपल्याला परकं नाही. उदगीर, देगलूर, नांदेड, लातूर, कुठल्याही गावात जा. हज-उमरा टूरचा फलक दिसेलच. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट, मक्का-मदिनेतलं हॉटेल, बस, जेवण, वृद्ध यात्रेकरूंची देखभाल. हे सगळं मिळून जे होतं त्यालाच पुस्तकात टुरिझम मॅनेजमेंट म्हणतात. म्हणजे आंतरराष्ट्रीय पर्यटनाचा धंदा आपल्या गल्लीत कधीचाच आला आहे. फक्त तो अनुभवाच्या आणि विश्वासाच्या भांडवलावर चालतो, शिक्षणाच्या नाही.

त्याचे परिणाम यात्रेकरूंना भोगावे लागतात. माझ्या नात्यातल्या एक खालाजान काही वर्षांपूर्वी उमऱ्याला गेल्या. हॉटेल हरमपासून चालत पाच मिनिटांवर, असं त्यांना सांगितलं होतं. ते निघालं बसने जाण्याच्या अंतरावर. गुडघेदुखीची बाई. सोबतचा टूरवाला माणूस नेक होता, पण त्याला अरबीही येत नव्हती आणि इंग्रजीही. हॉटेलच्या काउंटरवर तो नुसता हात जोडून उभा राहिला. शेवटी तिथे सफाईचं काम करणाऱ्या एका बांगलादेशी तरुणाने मोडक्यातोडक्या हिंदीत दुभाष्याचं काम केलं आणि दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरची सोय झाली. बरीच वर्षं या धंद्यात असलेल्या माणसापेक्षा तो सफाई कामगार त्या क्षणी अधिक उपयोगाचा ठरला, कारण त्याच्याकडे भाषा होती.

हा धंदा आता बदलतोही आहे. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९मध्ये पर्यटकांसाठी ई-व्हिसा सुरू केला. २०२२मध्ये 'नुसुक' नावाचं सरकारी व्यासपीठ आलं. त्यावर उमऱ्याची परवानगी आणि मदिनेत रौजाच्या भेटीची वेळ यात्रेकरू स्वतःच्या मोबाइलवरून घेऊ लागला. २०३० सालापर्यंत वर्षाला १५ कोटी पर्यटक हे त्या देशाचं उद्दिष्ट आहे, आणि त्यात यात्रेकरूंसोबत अल-उलासारखी प्राचीन स्थळं पाहायला येणारेही मोजले आहेत. दुसरीकडे २०२५च्या हजला भारतातल्या खासगी टूरवाल्यांच्या वाट्याच्या हजारो जागा हातच्या गेल्या, कारण करार, पैसे आणि मिनातल्या तंबूंची व्यवस्था सौदी सरकारच्या मुदतीत पूर्ण झाली नाही. दोष कुणाचा यावर वाद झाले. पण आयुष्यभराची पुंजी भरून बसलेल्या माणसांचा प्रवास राहिला तो राहिलाच.

म्हणजे नुसता व्हिसा आणि तिकीट काढून देणाऱ्याची गरज दिवसेंदिवस कमी होणार. करार वाचू शकणारा, मुदती पाळणारा, तिथल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा आणि अडचणीत मार्ग काढणारा माणूस मात्र लागणारच. तीन वर्षं कशाला लागतात, याचं उत्तर हे आहे.

आता भाषेकडे येऊ. उदगीर हे सीमेवरचं गाव आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी, भालकी-औरादकडचे पाहुणे आले की कन्नड, देगलूरकडे सोयरिक असेल तर थोडी तेलुगू. आपलं दहा-बारा वर्षांचं पोर एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत सहज उडी मारतं. पाच-सहा भाषांच्या आवाजात वाढलेल्या कानाला सातवी भाषा जड जात नाही. पण ही आपली दौलत आहे असं आपण मुलांना कधी सांगतच नाही. उलट इंग्रजी येत नाही म्हणून ते मान खाली घालून बसतात.

अरबीचं उदाहरण घ्या. आपली मुलं लहानपणापासून अरबी वाचतात, पण अर्थ लावायला शिकत नाहीत. तरी पाया तयार असतो. लिपी येते, उच्चार येतात आणि उर्दूमुळे हजारो शब्द आधीच ओळखीचे असतात. सफर, मुसाफिर, किताब, वक्त हे सगळे अरबीच. अरबी हॉटेलात बिल मागायचं तर 'हिसाब' म्हटलं तरी चालतं, आणि काम संपलं की तिकडेही 'खलास'च म्हणतात. पण हॉटेलला 'फुंदुक' आणि विमानतळाला 'मतार' म्हणतात हे शिकावं लागतं. पुस्तकी अरबी वेगळी आणि आखातात बोलली जाणारी वेगळी, हेही समजून घ्यावं लागतं. ज्याचा असा पाया आहे त्याने दोन वर्षं नेटाने अभ्यास केला तर तो जिथे पोहोचेल, तिथे अलिफ-बे पासून सुरुवात करणाऱ्याला पोहोचायला बराच जास्त काळ लागेल. मदरशात शिकलेल्या मुलांसाठी तर हे दार अर्धं उघडंच आहे. त्यांना अरबीचं व्याकरण येतं. कमी असते ती बोलण्याची सवय, संगणक आणि थोडं इंग्रजी.

केवळ अरबीच शिका असं माझं म्हणणं नाही. अजिंठ्याला जपानी प्रवासी बुद्धासाठी येतात. तिथल्या जतनाच्या कामाला जपान सरकारने कर्जरूपाने मोठी मदत केली आहे, आणि जपानी बोलणाऱ्या गाइडला तिथे मान आहे. नांदेडच्या हजूर साहिबला पंजाबबरोबरच कॅनडा-इंग्लंडमधलेही शीख भाविक येतात. त्यांच्यातल्या तरुण पिढीला पंजाबीपेक्षा इंग्रजी जवळची. तेव्हा भाषा निवडताना आपल्या आसपास कोण येतं आणि आपल्याला कुठे जायचं आहे, एवढं पाहावं. मैत्रीण फ्रेंच घेतेय म्हणून फ्रेंच घेऊ नये.

कुणी विचारेल की उदगीरला परदेशी माणूस येतोच कुठे? आज येत नाही. पण उदगीरहून रेल्वेत बसलं की भालकी ओलांडून बिदर येतं. बहमनी सुलतानांची ती राजधानी. इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला महमूद गवान तिथे वजीर झाला आणि १४७२मध्ये त्याने बांधलेला मदरसा आजही अर्धा उभा आहे. त्याच सुमारास रशियाच्या त्वेर शहरातला अफानासी निकितीन नावाचा व्यापारी चौलच्या बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. त्याने लिहिलेलं प्रवासवर्णन रशियनमध्ये आहे, पण मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द आणि दुआ येतात. वाटेत ज्या भाषांनी त्याला जगवलं त्या त्याच्या वहीत उतरल्या. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी मोरोक्कोचा इब्न बतूता दौलताबाद पाहून गेला होता आणि त्याने सांगितलेलं ते अरबीत लिहिलं गेलं. आपल्या दख्खनविषयी रशियन, अरबी, फारसीत इतकं लिहिलेलं असताना ते मूळ भाषेत वाचून पाहुण्याला सांगणारी किती मुलं आपण घडवली?

इथे रोजीरोटीपलीकडचा एक मुद्दा येतो. उदगीरचा किल्ला घ्या. तीस-चाळीस फूट खोल खंदक, आत उदागीर महाराजांची समाधी, महाल आणि अरबी-फारसी शिलालेख. उर्दू वाचणारा मुलगा त्या शिलालेखांतली निम्मी अक्षरं पहिल्या दिवशी ओळखू शकतो, पण त्याला तिथे कुणी नेऊन उभं केलेलं नसतं. याच उदगीरजवळ १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाचा पराभव केला. भाषणांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत या लढाईला सरळसोट हिंदू-मुसलमान रंग दिला जातो. मराठ्यांच्या बाजूने तोफखाना चालवणारा सरदार इब्राहिमखान गारदी होता, हे सांगणारा मात्र सापडत नाही. पुढे पानिपतावरही तो मराठ्यांसाठीच लढला आणि त्यातच त्याने जीव गमावला.

हे कोण सांगणार? आपण सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी स्वतःच्या सोयीने सांगेल. पण सांगायचं तर पूर्ण सांगावं लागेल. उदगीर तालुक्यातलं हत्तीबेट निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात रझाकारांविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांचं ठाणं होतं. मुस्लीम गाइडने तीही कहाणी तितक्याच आदराने सांगितली पाहिजे. गाइडने कुणाची वकिली करायची नसते. जे घडलं ते पुराव्यासह सांगायचं असतं. गारदी आणि हत्तीबेट दोन्ही नीट सांगणारा एक मुलगा उदगीरच्या किल्ल्यात उभा राहिला तर शंभर सद्भावना मेळाव्यांनी होत नाही ते काम होईल. २०२२च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं तेव्हा राज्यभरातून माणसं आली होती. अशा पाहुण्यांना हाताला धरून किल्ला दाखवणारी, त्याचा इतिहास सांगणारी आपलीच पंचवीस मुलं-मुली तयार असती तर गावाची ओळख वेगळी झाली असती.

आता शिकायचं कुठे? केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट ही संस्था १९८३ची. मुख्यालय ग्वाल्हेरला, शाखा भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर आणि गोव्यात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे. भाषांसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, आणि आपल्याला पुण्यापेक्षा जवळ असलेलं हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी. अरबी, फारसी, जर्मन, जपानी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश सगळं तिथे आहे. उदगीरहून हैदराबादला लग्नाचे कपडे आणायला आपण जातो, त्याच वाटेवर हे विद्यापीठ आहे. आणि ज्याला घर सोडणं शक्यच नाही त्याने गावातच बी.ए. करत ऑनलाइन भाषा शिकावी आणि पर्यटन मंत्रालयाचा 'अतुल्य भारत' टुरिस्ट फॅसिलिटेटर हा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा.

भाषा किती आली हे 'एक वर्षाचा कोर्स केला' यावरून ठरत नाही. जर्मन-फ्रेंचला ए१ ते सी२ अशा पातळ्या आहेत, जपानीला एन५ ते एन१. ए१वर नमस्कार-चमत्कार होतो. रागावलेल्या पाहुण्याची समजूत घालायला किमान बी१-बी२ लागतं. जर्मन बी१पर्यंत जायला साधारण साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात. आठवड्याला दोन तास 'फॉरेन लँग्वेज' ठेवणारी पदवी तीन वर्षांत कुठवर नेईल याचा हिशेब पालकांनी स्वतःच करावा. म्हणून मी भाषा आधी म्हणतो. अकरावीत सुरू केलेली भाषा पदवीच्या दुसऱ्या वर्षी कामाला येते.

परदेश सगळ्यात शेवटी म्हटला याचा अर्थ तो नको असा नाही. भाषा हातात असेल तर दारं खूप आहेत. जर्मनीत 'आउसबिल्डुंग' नावाची पद्धत आहे. आठवड्यातले काही दिवस हॉटेलात प्रत्यक्ष काम, काही दिवस शाळा, आणि शिकताशिकता दरमहा मानधन. महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात हॉटेल क्षेत्रही होतं, आणि तिथे जायची पहिली अट जर्मन भाषाच होती. जपानमध्ये २०२४ साली ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. तिथल्या बेप्पू शहरातल्या रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठाने २०२३मध्ये पर्यटनाचं स्वतंत्र महाविद्यालयच काढलं. मलेशियाने २००९मध्ये इस्लामिक टुरिझम सेंटर स्थापून हलाल जेवण, नमाजची जागा, कुटुंबाला सोयीचं हॉटेल या साध्या गोष्टींचा मोठा व्यवसाय केला. या गोष्टी आपल्याला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत, आपण त्या जगतो. मराठी माणसाला मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि ओळखीचं जेवण देऊन केसरी आणि वीणा वर्ल्ड मोठ्या झाल्या. आपल्या प्रवाशाला काय हवं हे ओळखणं, हेच तर या धंद्याचं मर्म.

आता सावधगिरीची गोष्ट. 'डिप्लोमा अधिक परदेशी इंटर्नशिप' अशी पॅकेजं विकणारे छोट्या शहरांतही पोहोचले आहेत. सगळेच खोटे नाहीत. पण फी भरण्याआधी काही प्रश्न लेखी विचारा. पदवी यूजीसी-मान्य विद्यापीठाची आहे का? इंटर्नशिपचं पत्र कोणत्या हॉटेलचं, काम कोणतं आणि मानधन किती? व्हिसा विद्यार्थ्याचा आहे की भेटीचा? भाषेची परीक्षा कोण घेणार, संस्था स्वतः की बाहेरचं मान्यताप्राप्त केंद्र? नोकरीसाठी पाठवत असतील तर एजंटाची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का? भेटीच्या व्हिसावर कामाला नेणारा माणूस कितीही गोड बोलला, नात्यातला निघाला, तरी त्याला पासपोर्ट देऊ नका.

पैशाचा प्रश्न अवघड आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरच्या व्याजाला अनुदान देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३पासून बंद झाली. राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण जागा मोजक्या आहेत आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट कडक आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. पण आपल्यातली अनेक कुटुंबं सूद नको म्हणून कर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा आदर ठेवून मी सांगेन की अशा घरांसाठी शिकताना मानधन देणारी वाट अधिक योग्य आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण तिथे विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाची मोठी रक्कम (२०२५ साली ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाखांच्या घरात) आधी खात्यात दाखवावी लागते. आउसबिल्डुंगमध्ये मानधन पुरेसं असेल तर हा भार बराच हलका होतो. आणि तिथली किल्ली पुन्हा भाषाच.

मुलींचं काय, असा प्रश्न हमखास येतो. पर्यटन म्हणजे मुलीने अनोळखी माणसांबरोबर फिरणं, अशी एक भीती मनात असते. तर जरा उलट विचार करू. भारतातून २०१८पासून महरमशिवाय हजला जाणाऱ्या महिलांचे गट निघू लागले. या बायकांना आजारपणात, हॉटेलात, गर्दीत मदत करायला बाईच हवी. अरबी बोलणारी, व्यवस्थापन शिकलेली मुस्लीम तरुणी हे काम कुणाही पुरुषापेक्षा चांगलं करील. शिवाय या क्षेत्रातली निम्मी कामं टेबलावरची असतात. आरक्षण, भाषांतर, प्रवासाची आखणी, माहितीपत्रकं लिहिणं. ती उदगीरमध्ये बसूनही होतात. कुरआनात पृथ्वीवर फिरून पाहा असं वारंवार सांगितलं आहे, आणि माणसांच्या वेगवेगळ्या भाषा या अल्लाहच्या खुणांपैकी एक म्हटल्या आहेत. हे दोन्ही मुलांपुरतंच सांगितलं आहे असं मी तरी कुठे वाचलं नाही.

गावातल्या अंजुमन, ट्रस्ट आणि मित्रमंडळांना एक विनंती. दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, ट्रॉफी, फोटो. यंदा तो खर्च थोडा आवरा आणि एखाद्या वाचनालयात संध्याकाळी दोन तासांची भाषेची खोली सुरू करा. एक अरबी, एक जर्मन किंवा जपानी. वीस मुलं-मुली, इंटरनेटवरून शिकवणारा शिक्षक आणि परीक्षेची फी भरायची जबाबदारी. मोहल्ल्यातल्या उमरा-टूरवाल्यांनी यातला वाटा उचलावा, कारण उद्या त्यांनाच अशी माणसं लागणार आहेत. आणि ही खोली फक्त आपल्या मुलांसाठी नसावी. शेजारच्या गल्लीतली, कुठल्याही धर्माची मुलं तिथे यावीत. भाषा शिकताना चुका एकत्र केल्या की ओळखीही पक्क्या होतात.

ज्या पालकांनी मला "घालू का?" असं विचारलं, त्यांना मी हेच सांगतो. घाला, पण फी भरण्याआधी मुलाला सहा महिने एक भाषा शिकू द्या. सहा महिन्यांनीही तो रोज पहाटे उठून शब्द पाठ करत असेल तर त्याला हे क्षेत्र मनापासून हवं आहे. आणि दुसऱ्या महिन्यातच कंटाळला, तर तुमचे दोन-तीन लाख वाचले.